असिधारा आणि ध्यान

मारामारीच्या चित्रपटांविषयी सुशिक्षित कुटुंबांत एक ठराविक रीत असते. मुलांनी ते चोरून पाहावयाचे, वडीलधाऱ्यांनी त्याबद्दल मुलांस रागे भरावयाचे, आणि मुले निजल्यावर स्वतःही थोडा वेळ ते पाहत बसावयाचे. काव्य, नाट्य, संगीत यांविषयी आपण ज्या गांभीर्याने बोलतो त्या गांभीर्याने या चित्रपटांविषयी बोलणे आपणांस जड जाते, आणि त्यास कारणही तसेच आहे. त्यांतील बहुतेक त्या योग्यतेचे नसतातच. तथापि कोणताही कलाप्रकार हीन म्हणून निकालात काढण्यापूर्वी त्यातील उत्तम कृती पाहून घ्यावी, हा साहित्यविचारातला साधा नियम येथेही पाळावयास हरकत नसावी. चिनी तलवारपटांपुरते बोलावयाचे, तर ती उत्तम कृती म्हणजे किंग हू या दिग्दर्शकाचा, 1970 आणि 1971 साली दोन भागांत तैवानमध्ये प्रसिद्ध झालेला 'शिआ न्यू' हा चित्रपट होय. पाश्चात्त्य जगात तो 'अ टच ऑफ झेन' या नावाने ओळखला जातो. चिनी चित्रपट, इंग्रजी नाव, त्यात जपानी उच्चाराचा एक शब्द आणि तो शब्द मुळात आपला संस्कृत 'ध्यान', असा हा चार भाषांचा संगम आहे. 'ध्यान'चे चीनमध्ये 'चान' झाले आणि 'चान'चे जपानात 'झेन'.

मूळ चिनी नावातील 'शिआ' हा शब्द थोडा समजून घ्यावा लागतो, कारण त्यास मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. 'वीर' म्हणावे तर डोळ्यांसमोर रणांगण आणि राजाश्रय उभा राहतो. 'बंडखोर' म्हणावे तर राज्य उलथण्याची आकांक्षा सूचित होते. शिआ हा या दोहोंहून निराळा. तो दिल्या शब्दास जागतो, दुर्बळाच्या बाजूने शस्त्र उचलतो, आणि त्याचा अधिकार कोणत्याही दरबाराने दिलेला नसतो. साहजिकच राज्यशास्त्रज्ञांस तो कधी आवडला नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील हान फेइ या दंडनीतीच्या पुरस्कर्त्याने राज्यास पोखरणाऱ्या पाच किडींत या शस्त्रधाऱ्यांची गणना केली. उलट पुढे शंभर-दीडशे वर्षांनी सिमा चिएन या थोर इतिहासकाराने आपल्या ग्रंथात अशा भटक्या शूरांस एक स्वतंत्र प्रकरण दिले. स्वतः बादशहाच्या कोपाने भयंकर देहदंड भोगलेल्या या इतिहासकारास कायद्याबाहेरच्या न्यायाविषयी आस्था वाटावी, हे समजण्यासारखे आहे. थांग काळातील कथांतून या पुरुषांच्या पंक्तीस स्त्रियाही येऊन बसल्या. म्हणजे तलवार चालवणारी नायिका ही चित्रपटवाल्यांनी गल्ल्यावर डोळा ठेवून काढलेली नवी युक्ती नव्हे. तिची परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे.

पडद्यावर हा प्रकार आला तो शांघाय शहरात. 1928 साली मिंगशिंग कंपनीने 'रक्तकमल मंदिराचे दहन' या अर्थाच्या नावाचा मूकपट काढला. तो इतका चालला की 1931 पर्यंत त्याचे एकंदर अठरा भाग निघाले. हवेत उडणारे योद्धे, हाताच्या तळव्यांतून निघणाऱ्या विजा असा सगळा मालमसाला त्यात होता. अखेर अंधश्रद्धा पसरते या कारणास्तव सरकारने 1931 साली त्यावर बंदी घातली. सरकारची भीती अगदीच निराधार होती असे नाही. परंतु बंदीने लोकांची आवड मरत नाही, ती फक्त गाव बदलते. पुढे हे चित्रपट हाँगकाँगमध्ये निघू लागले आणि तेथेच 1949 साली बीजिंगचा एक सतराएक वर्षांचा मुलगा येऊन पोहोचला. त्याचे नाव हू जिनच्युआन. पुढचा किंग हू तो हाच.

हाँगकाँगमध्ये त्याने देखावे सजवण्यापासून भूमिका करण्यापर्यंत चित्रपटधंद्यातील अनेक कामे केली. सुलेखन आणि चित्रकला यांत त्याला गती होती, इतिहासाचे वाचन दांडगे होते. लाओ शे या कादंबरीकारावर त्याने पुढे एक पुस्तकही लिहिले. शॉ बंधूंच्या कंपनीसाठी 1966 साली त्याने 'कम ड्रिंक विथ मी' हा चित्रपट केला. त्यात नृत्याचे शिक्षण घेतलेल्या चंग पेइपेइ या तरुणीस त्याने नायिका केले. एक सराय, तेथे एकटी येऊन बसलेली नायिका, भोवती एकामागून एक जमणारे शत्रू, आणि कोणी काही करण्यापूर्वीची ती लांबलेली, ताणलेली शांतता. हा प्रसंग ज्याने पाहिला त्याला या दिग्दर्शकाचे निम्मे रहस्य कळले असे म्हणावयास हरकत नाही. पुढे कंपनीशी न पटल्याने तो तैवानला गेला. तेथे 1967 साली काढलेला 'ड्रॅगन इन' प्रचंड लोकप्रिय झाला, आणि त्या यशाच्या बळावर त्याने 'शिआ न्यू' हाती घेतला.

आता कथानकाकडे वळू. त्याचे बीज पू सुंगलिंग (1640–1715) याच्या अद्भुत कथांच्या प्रसिद्ध संग्रहात आहे. हा लेखक जन्मभर सरकारी परीक्षांस बसत राहिला आणि नापास होत राहिला, आणि दरम्यान भुते, कोल्ह्याच्या रूपातील अप्सरा, दुष्ट अधिकारी व दरिद्री विद्वान यांच्या शेकडो कथा त्याने लिहून काढल्या. 'शिआ न्यू' ही त्यांतील एक छोटी कथा. गरीब विद्वानाच्या शेजारी एक अबोल तरुणी राहावयास येते, त्याला पुत्र देते, बापाच्या वैऱ्याचे मस्तक आणते आणि नाहीशी होते. किंग हूने या कथेला इतिहासाचा पाया दिला. त्याची नायिका यांग हुइजन ही यांग लिएन या अधिकाऱ्याची कन्या आहे. हा यांग लिएन कल्पित नाही. मिंग घराण्याच्या उतरत्या काळात बादशहा नाममात्र उरला होता आणि खरी सत्ता वेई चुंगशिएन या खोजाच्या हाती गेली होती. 1420 साली स्थापन झालेले 'तुंगछांग' नावाचे गुप्त पोलिसांचे खाते त्याच्या मुठीत होते. 1624 साली यांग लिएनने या खोजाच्या चोवीस अपराधांची यादी करून ती बादशहास सादर केली. परिणाम ठरलेलाच होता. 1625 साली तुरुंगात छळ होऊन यांग लिएन मेला. तो छळ ज्याच्या देखरेखीखाली झाला तो शू शिएनचुन हाही चित्रपटात अखेरचा खलपुरुष म्हणून येतो. दोन वर्षांनी बादशहा वारला, खोजाचेही दिवस भरले. पण राज्य सावरण्याची वेळ निघून गेली होती. 1644 साली मिंग घराणे बुडाले.

ज्याने सुमारे वीस वर्षांपूर्वी आपले शहर सोडले, आणि ज्याला तेथे परत जाण्याची वाट बंद झाली, त्या माणसाने गुप्त पोलिस, निर्वासित आणि निष्ठावंतांचा छळ हाच विषय पुनःपुन्हा घ्यावा, यातील अर्थ कोणीही ओळखील. त्याने हाँगकाँगमध्ये, तैवानमध्ये आणि पुढे कोरियातही हरवलेल्या चीनच्या भिंती, कमानी, पोशाख आणि भांडीकुंडी उभी केली. त्याच्या चित्रपटांतील वस्तूंकडे पाहताना एखाद्या दूर देशी गेलेल्या माणसाने आठवणीतून घराचा नकाशा काढावा तसे वाटते. त्यात एकही खोली चुकवून चालत नाही.

परंतु ज्या लालित्यासाठी हा चित्रपट नावाजला जातो, ते आले कोठून? सामान्य समजूत अशी की चिनी युद्धविद्येतून आले. दिग्दर्शक स्वतः मात्र सांगत असे की युद्धविद्येतले आपणांस काही कळत नाही, आपण मारामारीकडे नृत्य म्हणूनच पाहतो. त्याचा साहाय्यक हान यिंगजिए हा बीजिंगच्या संगीत रंगभूमीच्या तालमीतला. त्या रंगभूमीवर देखावे नसतात. एक मेज आणि दोन खुर्च्या यांतून डोंगर, किल्ला, नदी सर्व काही उभे करावयाचे असते. नटाच्या प्रत्येक हालचालीस झांजा आणि टिपऱ्या यांची साथ असते, आणि आवेगाच्या टोकाशी तो एकदम स्तब्ध होऊन उभा राहतो, जणू प्रेक्षकाने ते चित्र मनात उतरवून घ्यावे. 'सानछाकोउ' नावाचे एक लहानसे नाटक तेथे फार प्रसिद्ध आहे. सरायीतील काळ्याकुट्ट अंधारात दोन माणसे एकमेकांस चाचपडत लढतात, आणि रंगमंचावर मात्र लख्ख उजेड असतो. अंधार नटांच्या अंगात असतो. ज्यांनी भरताचा आंगिक अभिनय निदान पुस्तकातून वाचला आहे त्यांस ही कल्पना परकी वाटू नये. भरताने युद्ध आणि मरण अंकात प्रत्यक्ष दाखवू नये असे सांगितले. चिनी रंगभूमीने युद्ध दाखवले, पण त्याचे नृत्य करून दाखवले.

किंग हूपुढे खरी अडचण येथेच होती. रंगमंचावर जे खरे वाटते ते कॅमेऱ्यासमोर खोटे वाटते. नट उसळीच्या फळीवरून उडी घेणार, ती फळी दिसता कामा नये. आणि मनुष्य कितीही तरबेज असला तरी झाडाच्या शेंड्याएवढा उडत नाही. यावर त्याने जो उपाय काढला तो माझ्या मते या चित्रपटाचा गाभा होय. उडीचा आरंभ एका तुकड्यात, मधला झपाटा दुसऱ्यात, उतरणे तिसऱ्यात. आणि यांतील एखादा तुकडा इतका अल्प की डोळा तो धरू पाहतो तोवर तो गेलेला असतो. कधी मध्ये वेलीची फांदी येते, कधी धुके, कधी पानांतून घुसलेला सूर्याचा झोत. डेव्हिड बॉर्डवेल या अमेरिकन अभ्यासकाने याचे फार बारकाईने विवेचन केले आहे. त्याचे म्हणणे असे की हा दिग्दर्शक हालचाल पुरती दाखवीत नाही, तिची झलक दाखवतो, आणि त्या अपुरेपणातूनच ती अमानुष वेगाची वाटते. आपल्या आलंकारिकांनी याला व्यंजना म्हटले असते. जे सांगितले नाही ते श्रोत्याच्या मनात उमटते, आणि मनात उमटलेले सांगितलेल्याहून मोठे असते.

बांबूच्या बनातील द्वंद्व हे याचे सर्वश्रुत उदाहरण. ते पडद्यावर जेमतेम दहा मिनिटांचे, पण त्याच्या चित्रीकरणास पंचवीस दिवस लागले. उंच, सरळ, हिरवेगार दांडे. त्यांच्यामधून खाली येणारे उन्हाचे पट्टे. पावलांखालच्या पाचोळ्याचा आवाज. प्रतिपक्षी तोडीस तोड आहेत आणि लढाई कोणाकडेच झुकत नाही. मग यांग हुइजन वर झेपावते, क्षणभर बनाच्या उंचीत दिसेनाशी होते, आणि डोके खाली, तलवार पुढे, अशी बाणासारखी खाली येते. हे सारे कितीतरी निरनिराळ्या तुकड्यांचे शिवणकाम आहे, पण टाका कोठे दिसत नाही. शू फंग ही या भूमिकेतील नटी तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होती. तिच्या चेहऱ्यावर आवेश नाही, त्वेष नाही. आहे ते केवळ लक्ष. लढताना ती सुंदर दिसते ती याच कारणाने. सौंदर्य दाखवण्याकडे तिचे यत्किंचितही ध्यान नसते.

येथवरचे सगळे मान्य करूनही एक आक्षेप उरतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. मनुष्यवधाला इतके देखणे रूप देणे हे योग्य आहे काय? नृत्याच्या तालावर जर माणसे मरू लागली तर प्रेक्षकाला मरणाचे काय वाटावे? हा प्रश्न मी बाहेरून आणून या चित्रपटावर लादलेला नाही. चित्रपटाने तो स्वतःच उपस्थित केला आहे, आणि ज्या प्रसंगात तो उपस्थित केला आहे तो प्रसंग बांबूच्या बनाहूनही श्रेष्ठ आहे असे माझे मत आहे. मात्र त्याविषयी फारच थोडे बोलले जाते.

नायक गू शंगजाई हा विद्वान आहे. वय तिशीचे, पत्रे लिहून देणे आणि चित्रे काढणे यावर चरितार्थ. परीक्षेस बसून अधिकारी होत नाही म्हणून आईची रोजची बोलणी. तलवार त्याला येत नाही. पण त्याने सर्व युद्धशास्त्र वाचलेले आहे, आणि शत्रूची मोठी तुकडी चालून येणार असे कळताच पहिल्यांदाच त्याच्या वाचनाला मोल येते. ओसाड किल्ल्यात भुतांचा वास आहे अशी वदंता तो पसरवतो, अंधारात घंटा, बुजगावणी, दोऱ्या, फासे यांची योजना करतो. रात्री शत्रूची गाळण उडते. सकाळी हा विद्वान एकटाच आपल्या विजयाचे स्थळ पाहावयास निघतो. प्रत्येक यंत्राजवळ थांबतो, ते कसे चालले असेल याची कल्पना करतो आणि हसतो. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतो. कॅमेरा त्याच्याबरोबर फिरतो, आपणही हसू लागतो, कारण युक्त्या खरोखरच चतुर आहेत. आणि मग त्याची नजर जमिनीकडे जाते. तेथे प्रेते पडली आहेत. एक नाही, दहा नाहीत. अंगणभर, वाटेवर, भिंतीपाशी. भिक्षू त्यांना मूठमाती देण्याच्या तयारीला लागलेले आहेत. हसू ओठांवरच वाळते. त्या प्रेतांतून तो नायिकेला शोधीत धावू लागतो, आणि ती तेथे नसते.

अध्यापनात आयुष्य घालवलेल्या माणसाने हा प्रसंग निर्विकारपणे पाहावा हे शक्य नाही. आपण वर्गात पानिपत शिकवितो, कोणत्या सरदाराने कोणत्या वेळी कोठे फौज वळवावयास हवी होती हे खडूने फळ्यावर काढून दाखवितो, आणि बाण नीट वळला की विद्यार्थ्यांप्रमाणे आपणांसही आनंद होतो. बुद्धीचा तो आनंद खोटा नसतो. पण फळ्यावरच्या बाणाखाली काय पडलेले असते ते गू शंगजाईला त्या सकाळी दिसले. ज्या हातचलाखीने आतापर्यंत प्रेक्षकाला रिझवले तिचीच किंमत दिग्दर्शकाने प्रेक्षकासमोर मांडली. आणि हे एकाही उपदेशपर वाक्यावाचून.

यापुढे चित्रपटाचा सूर पालटतो. नायिका मूल जन्मास घालून ते गूच्या हाती सोपवते आणि मठात जाते. या चित्रपटाची रचना विलक्षण आहे. आरंभ कोळ्याच्या जाळ्यांनी आणि भुताटकीच्या संशयाने होतो, आणि पहिली लढाई पाहावयास जवळजवळ तासभर थांबावे लागते; मग राजकारण आणि वीररस; आणि शेवटी वैराग्य. आनंदवर्धनाने महाभारताचा प्रधान रस शांत आहे असे प्रतिपादिले. अठरा अक्षौहिणींच्या संहाराच्या काव्यास शांतरसाचे म्हणणे अनेकांस धाडसाचे वाटले असेल. 'शिआ न्यू' पाहिल्यावर त्या मतातील मर्म नव्याने ध्यानात येते. वीराची परिणती शांतात व्हावयाची असेल तर आधीचा वीर लटका असून भागत नाही. बांबूच्या बनातील ती झेप खरी वाटली म्हणूनच तलवार खाली ठेवण्याला वजन येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य वाटते. आपल्याकडील व्याख्यानांतून पुष्कळदा अभिमानाने सांगितले जाते की बोधिधर्माने भारतातून जाऊन चिन्यांस युद्धविद्या शिकवली, सबब या सर्व चित्रपटांचे मूळ आपलेच. ही आख्यायिका उशिराची आहे. सतराव्या शतकातील एका ग्रंथाने तिला चालना दिली आणि इतिहाससंशोधक ती मानीत नाहीत. आपले जे खरोखर तेथे गेले ते ध्यान. त्यावर समाधान मानावयास काय हरकत आहे?

चित्रपटाच्या नशिबी तात्काळ यश नव्हते. तैवानमध्ये तो दोन तुकड्यांत दाखवला गेला. बांबूचे द्वंद्व पहिल्या भागाच्या शेवटी आणि पुन्हा दुसऱ्याच्या आरंभी. हाँगकाँगमध्ये 1971 साली तो कापून आखूड केला गेला. लोकांनी त्याकडे पाठ फिरवली. लवकरच ब्रूस ली या नटाच्या मुठीचा जमाना सुरू झाला आणि तलवारीच्या लालित्याला गिऱ्हाईक उरले नाही. 1975 साली सुमारे तीन तासांचा अखंड चित्रपट फ्रान्समधील कान येथे दाखवला गेला, आणि तेथे त्याला तंत्राबद्दलचे मोठे पारितोषिक मिळाले. पारितोषिक तंत्राचे दिले हे मला नेहमी थोडे चुकल्यासारखे वाटते. पण मिळाले हेच पुष्कळ. 2000 साली आंग ली याने 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मध्ये बांबूच्या शेंड्यांवर द्वंद्व रचले ते याच बनाचे स्मरण करून, आणि त्यात वृद्ध खलनायिका म्हणून चंग पेइपेइला घेतले. त्या द्वंद्वाची शोभा मोठी आहे, परंतु तेथे नट तारांच्या आधाराने सावकाश तरंगतात आणि आपणांस सर्व काही दिसते. मला स्वतःला न दिसलेली उडी अधिक आवडते. शू फंग पुढे निर्माती झाली. 1993 साली कानचे सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळवणारा 'फेअरवेल माय कॉन्क्युबाइन' तिच्याच निर्मितीचा. 'शिआ न्यू'ची जीर्ण फीत दुरुस्त करण्यासाठी पैसा उभा केला तोही तिनेच, आणि 2015 साली ती नवी प्रत कानला दाखवली गेली. किंग हू तेव्हा हयात नव्हता. अमेरिकेत रेल्वेमार्ग बांधावयास गेलेल्या चिनी मजुरांवरील चित्रपटाची जुळवाजुळव करीत असता 1997 साली तैपेइ येथे तो वारला.

चित्रपटाच्या शेवटाविषयी टीकाकारांत मतभेद आहेत आणि मलाही तो सर्वस्वी निर्दोष वाटत नाही. शरण आल्याचे सोंग करून शू शिएनचुन मठाधिपतीच्या पोटात सुरी खुपसतो. जखमेतून रक्ताऐवजी सोने वाहू लागते, रंग उलटेपालटे होतात, डोंगर तांबडे होतात. यात छायाचित्रणातील चमत्कृती डोळ्यांत भरण्याइतकी उघड आहे. आतापर्यंत झाकून दाखवणारा दिग्दर्शक येथे पुरते उघडून दाखवतो. तरीही त्यानंतरचे चित्र मनातून जात नाही. मठाधिपती खडकावर बसतो. सूर्य बरोबर त्याच्या मस्तकामागे येतो, आकृती काळी होते आणि कडेने तेजाचे वलय उरते. खाली जखमी यांग हुइजन त्या दिशेने पाहत आहे. ती तेथवर पोहोचते किंवा नाही, हे दाखवण्यापूर्वीच पडदा पडतो.